त्र्यंबक भिरूड गाडीने येतो

अमेरिकेत, प्लेनो शहरात अकरा वर्षं राहूनही त्र्यंबक भिरूडला गाडी चालवता येत नव्हती. टेक्सासात असं सांगणं म्हणजे आपल्याला पाय नाहीत असं सांगण्यासारखं होतं. लोक आधी दचकायचे, मग दया दाखवायचे, मग विषय बदलायचे. एका मोठ्या कंपनीचे डेटाबेस तो एकट्याने सांभाळायचा. पण ऑफिसला जायचा मित्राच्या, शैलेंद्रच्या राइडने, भाजी आणायला शेजारच्या प्रल्हादकाकांच्या राइडने आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना ज्याच्या गाडीत जागा असेल त्याच्या राइडने.

राइड घेण्याचं एक शास्त्र आहे असं तो मानायचा. रेडिओला हात लावायचा नाही. चालवणाऱ्याने तोच विनोद पुन्हा सांगितला तर पहिल्यापेक्षा थोडं कमी हसायचं, म्हणजे हसणं खरं वाटतं. नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं की खिडकीबाहेर बघायचं. बाहेर काही नसलं, आणि टेक्सासात बहुधा नसतंच, तरी बघत राहायचं. प्लेनोतल्या निम्म्या मराठी मुलांचे वाढदिवसाचे केक त्याच्या मांडीवर बसून घरी आले होते. मंडळाचा गणपतीही दर वर्षी त्याच्याच मांडीवरून यायचा. “त्र्यंबकच्या मांडीला सस्पेन्शन आहे,” असं सीमा म्हणायची. सीमा ही शैलेंद्रची बायको.

ड्रायव्हिंगची परीक्षा त्याने चार वेळा दिली आणि चारही वेळा थांबण्यात नापास झाला. थांबता येत नव्हतं असं नाही, तो फार थांबायचा. हिरवा सिग्नल असला तरी थांबायचा, न जाणो कोणी येत असेल. शेवटच्या परीक्षेत तो रस्ता ओलांडणाऱ्या एका प्लास्टिकच्या पिशवीसाठी थांबला.

“सर, ती पिशवी आहे,” परीक्षक बाई म्हणाली.

“तरी पण,” त्र्यंबक म्हणाला.

त्याचे वडील भुसावळला मालगाडीवर गार्ड होते. “तू गार्डाचा पोरगा,” शैलेंद्र म्हणायचा. “शेवटच्या डब्यात बसून झेंडा हलवायचा एवढंच तुझ्या रक्तात आहे. इंजिनाचं आणि तुझं काही नातं नाही, यार.”

त्र्यंबक एक्केचाळीस वर्षांचा झाला तेव्हा सीमाने त्याला आपल्या मैत्रिणीचा फोन नंबर दिला. मैत्रिणीचं नाव नीलांबरी. ती नागपूरची, कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये कॉम्प्युटरच्या चिप तपासायच्या कामावर होती. वय अडतीस, लग्न राहून गेलेलं. दर रविवारी ते दोघं तासभर फोनवर बोलू लागले. आपण लग्नासाठी बोलतोय हे कबूल करायची दोघांनाही लाज वाटायची, म्हणून ते भाज्यांबद्दल बोलायचे. चार महिन्यांत अमेरिकेत मिळणाऱ्या सगळ्या भाज्या बोलून संपल्या.

मग २००६च्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती म्हणाली, “दिवाळीला नागपूरला जातेय. आईने ठाण्याचं एक स्थळ बघून ठेवलंय. पाडव्याला भेटायचं ठरलंय.”

“बरं,” त्र्यंबक म्हणाला.

“बरं काय?”

त्र्यंबकच्या स्वयंपाकघरातला फ्रीज तेवढा घरघरत होता.

“त्याआधी मी येऊन गेलो तर?” त्याने विचारलं.

“पुढच्या रविवारी साडेचारचं फ्लाइट आहे.”

“मग शनिवारी येतो.”

“कसे येणार?”

“गाडीने.”

घोटाळा इथे झाला. भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गाडी म्हणजे आगगाडी. बाकीच्यांना आपापली नावं होती: फटफटी, बस, टॅक्सी, जीप. नुसतं ‘गाडी’ म्हणायचा मान फक्त रुळावरून जाणाऱ्या वस्तूला. प्लेनोत त्र्यंबक मोटारीलाही गाडी म्हणायला शिकला होता, पण छातीत धडधडत असलं की तोंडून भुसावळच निघायचं. सनीव्हेलमध्ये मात्र गाडी म्हणजे एकच.

“एवढ्या लांब गाडीने? एकटे?” नीलांबरी चकित झाली.

“मजा येते. खिडकीतून बघत बघत जायचं. झोप आली की झोपायचं.”

ती खूप हसली. माणूस विनोदी आहे हे तिला आजवर कळलं नव्हतं. “मग मी एअरपोर्टची शटल कॅन्सल करते. रविवारी तुम्हीच सोडाल ना मला?”

“सोडेन की,” तो म्हणाला. भुसावळला सोडायला जाणं म्हणजे सोबत जाऊन फलाटावर उभं राहणं.

बुधवारी निघायच्या सकाळी सीमाने त्याला सांगितलं, “नीलू कसली इम्प्रेस झालीय! टेक्सासहून ड्राइव्ह करत येतोयस म्हणून ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलीय.”

त्याच क्षणी फोन करून खुलासा करता आला असता. पण आपल्याबद्दल कोणी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटावं असं त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. ते दोन-तीन दिवस तरी टिकावं असं त्याला वाटलं. समोरासमोर सांगू, असं ठरवून तो गाडीत बसला. रुळावरच्या.

दुसऱ्या दिवशी दुपार कलता कलता आगगाडी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात एका स्टेशनवर उभी राहिली. स्टेशन म्हणजे एक भिंत, एक बाक आणि पाटी. डब्यावरची बाई म्हणाली, “दोन मिनिटं.” दोन मिनिटं म्हणजे किती हे त्र्यंबकला लहानपणापासून ठाऊक होतं: चहा, पाय मोकळे करणं आणि स्टेशनमास्तरशी थोडं बोलणं. तो चहा प्यायला उतरला. भिंतीमागे कोकाकोलाचं एक यंत्र होतं. यंत्राने त्र्यंबकचं नाणं गिळलं. तो यंत्राला थापटत असताना मागे ओळखीचा आवाज झाला. त्याने वळून पाहिलं तेव्हा शेवटचा डबा जात होता. त्यात झेंडा हलवायलाही कोणी नव्हतं.

कोट, कोटातलं पाकीट, बॅग आणि फोनचा चार्जर गाडीने पुढे गेले. पुढची गाडी दोन दिवसांनी होती. त्याने शैलेंद्रला फोन लावला.

“तू चहा प्यायला उतरलास?” शैलेंद्रने विचारलं.

“हो.”

“न्यू मेक्सिकोत?”

“गाडी थांबली होती रे.”

“मिळाला का?”

“काय?”

“चहा.”

“नाही.”

मागून सीमाचा आवाज आला, “मी नीलूला सांगू का?”

“सांगू नका!” त्र्यंबक ओरडला. “मी पोचतो. रविवारपर्यंत पोचतोच.”

“पण कसा?”

“राइडने,” तो म्हणाला आणि फोनने मान टाकली.

हायवे स्टेशनपासून अर्ध्या मैलावर होता. तिथे जाऊन तो उभा राहिला. सगळीकडे सपाट, पिवळी जमीन होती. सावली पाडू शकेल अशी उभी वस्तू तेवढी तोच, आणि त्याची सावली पार पलीकडच्या लेनपर्यंत लांबली होती. एवढी जमीन देवाने कशासाठी केली असावी आणि मग तिच्यावर कोणाला ठेवायचं हे तो का विसरला असावा, असा एक विचार त्र्यंबकच्या मनात आला. मग पहिली मोटार दिसली आणि विचार गेला.

अमेरिकेत अनोळखी मोटार थांबवायला अंगठा दाखवतात हे त्याला माहीत होतं. पण अंगठा दाखवायचा! लहानपणी त्याने एकदा मामाला अंगठा दाखवला होता, तर मामाने त्याचा कान असा पिरगाळला की दोन दिवस एका बाजूने ऐकू येत नव्हतं. ज्याच्याकडून मदत हवी त्यालाच अंगठा दाखवायचा ही रीत त्याच्या हाताला पटेना. मग त्याने फाट्यावर एसटीला करतात तसा हात केला. सबंध हात लांब करून, पंजा खाली, हवेत थोपटल्यासारखा.

मोटारी लगेच हळू झाल्या. चालवणाऱ्यांना वाटलं, पुढे अपघात तरी झालाय किंवा पोलीस तरी दबा धरून बसलेत. ते त्याला हात हलवून थँक्यू म्हणायचे आणि जपून निघून जायचे. तासाभरात त्याने त्या हायवेवरची सगळी वाहतूक सुरक्षित करून टाकली. शेवटी एकाने काच खाली करून विचारलं, “पुढे काय आहे?”

“कॅलिफोर्निया,” त्र्यंबक म्हणाला.

त्या माणसाने त्याच्याकडे नीट बघितलं आणि काच वर केली.

रात्र त्याने पेट्रोलपंपाच्या बाकावर काढली. शुक्रवारी सकाळी एका जुन्या पिकअपमधून जाणारी बाई थांबली. वय सत्तरीचं, डोक्यावर पुरुषी टोपी, शेजारच्या सीटवर एक प्रचंड कुत्रा.

“कोणाला शांत करतोयस तू?” हात थोपटल्याची नक्कल करत तिने विचारलं. “रस्त्याला?”

त्र्यंबकने सगळं सांगितलं. कुत्रा सीट सोडायला तयार नव्हता, तेव्हा त्र्यंबक दाराशी बसला आणि मैलभरात कुत्र्याने त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं.

“असं डोकं तो कोणाच्याही मांडीवर ठेवत नाही,” बाई म्हणाली. “नाव काय म्हणालास? ट्रॉम्बोन?”

“त्र्यंबक.”

“तेच. हे बघ ट्रॉम्बोन, माझा तिसरा नवरा घोड्यांना भ्यायचा. तबेल्यात पाऊल टाकलं की त्याच्या पाठीत कळ यायची. त्याला पाठीचं दुखणं नाहीच हे मला सहा वर्षांनी कळलं.”

“मग?”

“मग काय? घोडे विकले.”

हे आशादायक आहे की भयंकर हे त्र्यंबकला ठरवता येईना. ॲरिझोनात शिरल्यावर तिने त्याला उतरवलं आणि उतरवताना अंगठा कसा धरायचा ते शिकवलं. त्याने तिच्या देखत चार वेळा सराव केला. ती गेल्यावर त्याने येणाऱ्या वाहनाकडे तोंड करण्याऐवजी स्वतःच्या अंगठ्याकडेच बघत, ओशाळ्या चेहऱ्याने तो वर धरला. वीस मिनिटांनी घराएवढी एक मोटार कचकन थांबली. आत झोपायचे पलंग, शेगडी, पडदे असलेली, निवृत्त लोक घेऊन फिरतात तसली. तिच्यातून एक म्हातारी प्रथमोपचाराची पेटी घेऊन उतरली.

“बघू,” ती म्हणाली. “कशाने कापलं?”

ती चाळीस वर्षं नर्स होती. अंगठा धडधाकट आहे हे कळल्यावर ती जरा हिरमुसली, पण त्याची हकीकत ऐकून तिने त्याला आत घेतलं. तिचा नवरा चालवत होता. ते दोघं कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला मुलीकडे निघाले होते. म्हातारीने मुलीसाठी घेतलेली जिरेनियमची कुंडी लगेच त्र्यंबकच्या मांडीवर ठेवली आणि दोन दिवस ती तिथेच राहिली.

“मी नीलांबरी,” म्हातारी म्हणाली. नाव तिने तीन प्रयत्नांत जमवलं होतं. “तू आत्ता दारात आलास. बोल.”

“मला ड्रायव्हिंग येत नाही.”

“अरे, इतक्या लवकर? आधी माझ्या केसांबद्दल बोल.”

“तुमचे केस छान आहेत. मला ड्रायव्हिंग येत नाही.”

“काही सांगू नकोस,” पुढून म्हातारा म्हणाला. “मी पंचेचाळीस वर्षांत रस्ता चुकलो असं एकदाही कबूल केलेलं नाही. चाललंय ना आमचं?”

“म्हणूनच आपण आत्ता युमात आहोत,” म्हातारी म्हणाली. “जायचं होतं फिनिक्सवरून.”

या चुकीत अर्धा दिवस गेला. शनिवार वाळवंटातच उगवला आणि तिथेच बराचसा संपला. ठरल्याप्रमाणे याच दिवशी त्र्यंबक नीलांबरीपुढे बसून चहा पिणार होता. मैलोन् मैल काही नसायचं, मग एखादी पत्रपेटी दिसायची आणि तिच्यामागे घरसुद्धा नसायचं. इथल्या माणसांना एकमेकांना भेटायचं म्हणजे मुद्दाम निघावंच लागत असेल, असं त्याला वाटलं. सहज जाता जाता कोणी कोणाच्या दारावरून जात नसेल. त्याने म्हाताऱ्याच्या फोनवरून नीलांबरीला निरोप ठेवला, “रविवारी सकाळी पोचतो. रस्त्यात थोडा उशीर झाला.” यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी तो ठेवल्यावर त्याला घाम आला.

रविवारी दहा वाजता त्या दोघांनी त्याला हायवेच्या एका फाट्यावर उतरवलं. तिथून सनीव्हेल सत्तर-ऐंशी मैल पश्चिमेला होतं आणि त्यांना जायचं होतं उत्तरेला. “केस!” म्हातारी खिडकीतून ओरडली.

तास गेला. शेवटी थांबला तो बिघडलेल्या मोटारी ओढून नेणारा ट्रक. मागे एक लाल मोटार लादलेली होती, पुढचा भाग पार चेपलेला. ड्रायव्हरला ती सनीव्हेलच्या गॅरेजला पोचवायची होती. वाटेत त्यानेही सगळं ऐकून घेतलं.

साडेबाराला ट्रक नीलांबरीच्या अपार्टमेंटसमोर उभा राहिला. ती दोन मोठ्या बॅगा घेऊन फुटपाथवर उभी होती. निळा पंजाबी ड्रेस, हातात पासपोर्ट, डोळे रस्त्यावर. तिने ट्रक बघितला, ट्रकवरची चेपलेली लाल मोटार बघितली आणि तीन दिवसांची दाढी वाढलेला, कोट नसलेला माणूस खाली उतरताना बघितला.

“अरे देवा!” ती धावत आली. तिने त्याचा हात धरला, मग दुसरा धरला. “लागलं का कुठे? डोक्याला वगैरे? मी कालपासून म्हणतेय काहीतरी झालंय. गाडीचं मरू दे, इन्शुरन्स असतो. तुम्ही धड आहात ना?”

ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण त्याला सगळं समजलं. तो तिच्या पाठीमागून डोळे मोठे करून मान हलवू लागला: हो म्हण, हो म्हण. खरोखर, नुसती मान हलवायची होती. एवढा मोठा, लाल, लोखंडी पुरावा देवाने ट्रकवर लादून दाराशी आणून दिला होता. पुन्हा कधीही न चालवायचं कारणसुद्धा त्यातच होतं. तिचे दोन्ही हात अजून त्याच्या हातांवर होते.

“ही माझी गाडी नाही,” त्र्यंबक म्हणाला.

ड्रायव्हरने कपाळाला हात लावला.

“मग तुमची कुठेय?”

“माझ्याकडे नाहीच. मला चालवताच येत नाही. चार वेळा नापास झालो.”

नीलांबरीने हात सोडले. “पण तुम्ही म्हणालात, गाडीने येतो.”

“आगगाडीने. भुसावळला आम्ही तिलाच...”

“म्हणजे ते खिडकीतून बघत बघत...”

“हो.”

“झोप आली की झोपायचं...”

“हो.”

“आणि मी हसले!” ती एका बॅगेवर बसली. “मी ऑफिसात सांगितलं हो सगळ्यांना. आणि ही मोडकी गाडी माझीच म्हणाला असतात, तर मला कधी कळलंही नसतं.”

“नसतं.”

“मग का नाही म्हणालात?”

त्र्यंबकने विचार केला. “तुम्ही हात धरलात,” तो म्हणाला. “पण तो त्या मोडक्या गाडीवाल्याचा धरला होतात, माझा नाही.”

ट्रक निघून गेला. नीलांबरी बराच वेळ रस्त्याकडे बघत बसली. मग तिला घड्याळ दिसलं आणि ती उठली. “मी शटल कॅन्सल केलीय, भिरूडसाहेब! आता काय करायचं? दोनपर्यंत पोचायला हवं, आणि टॅक्सी यायलाच तास लागेल!”

“तुमच्याकडे गाडी नाही?”

“आहे. पण मी फक्त लोकल रस्त्यांवर चालवते. ऑफिस, किराणा, लायब्ररी. फ्रीवेवर सात वर्षांत एकदाही गेले नाही.” तिने मान खाली घातली. “हे मीही तुम्हाला सांगितलं नव्हतं. आतल्या रस्त्याने गेले तर सिग्नल ओलांडता ओलांडता विमान उडून जाईल.”

“मी शेजारी बसतो,” त्र्यंबक म्हणाला.

“तुम्ही शेजारी बसून काय होणार?”

“अकरा वर्षं शेजारीच बसलोय.”

तिची मोटार लहान, पांढरी आणि कमालीची स्वच्छ होती. फ्रीवेच्या चढावर आल्यावर तिचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले. त्र्यंबक मागे वळून, मान वाकडी करून, मांडीवर तिची पर्स घेऊन बसला होता.

“आता?” तिने विचारलं.

“नाही. ट्रक आहे. जाऊ द्या त्याला. वेग वाढवा, कमी करू नका. निळी गाडी जागा देतेय. आता घ्या. घ्या घ्या घ्या!”

“ओरडू नका माझ्यावर!”

“थांबू नका!” त्र्यंबक ओरडला. हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी म्हणत होता.

“आले का मी आत?”

“आलात. मधोमध आलात.”

ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता, म्हणून त्र्यंबकने पर्स उघडून रुमाल काढला आणि तिचे डोळे एकेक करून टिपले. एका वेळी एकच, म्हणजे दुसऱ्याने रस्ता दिसत राहील. पुढचे पंचवीस मैल तो आरशात काय दिसतंय ते सांगत राहिला आणि ती ऐकत राहिली. मागून लोक भोंगे वाजवत होते, कारण ती पंचेचाळीसच्या वर जायला तयार नव्हती. दोनला पाच कमी असताना तिने विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली, जरा तिरकी, दीड गाडीची जागा घेऊन.

दोघंही उतरले नाहीत. इंजिन बंद झाल्यावर टिकटिक आवाज करत निवत होतं. मग नीलांबरीचा फोन वाजला. नागपूरला मध्यरात्र उलटून गेली होती, पण मुलगी विमानात बसेपर्यंत तिची आई झोपत नसे.

“हो आई, पोचले एअरपोर्टला,” नीलांबरी म्हणाली. “नाही गं, शटलने नाही, मीच चालवत आणली. हो, फ्रीवेवरून. अगं, ओरडू नकोस, काही झालेलं नाही. पाडव्याचं मी आल्यावर बोलू, आत्ता त्या लोकांना काही कळवू नकोस. काय करणार मग, मलाच चालवायला लागली ना. ह्यांना गाडी चालवता येत नाही.”

इतका वेळ फोनमधून एकसारखी गुणगुण ऐकू येत होती, ती थांबली. मग नागपूरहून जो आवाज आला तो शेजारच्या सीटवर त्र्यंबकलाही अगदी स्वच्छ ऐकू आला.

“ह्यांना म्हणजे कोणाला गं?”